कोरोनात राज्यांच्या सीमा बंद होत्या तेव्हा सीमेवरची माणसं कशी जगली? निर्बंध उठल्यावर सगळं लगेच सुरळीत झालं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. आता पहिल्याकडे येतो, कारण त्याशिवाय दुसरं कळणार नाही.

मी दोडामार्ग तालुक्यातला. सिंधुदुर्ग जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं टोक. आमची बाजारपेठ संपते तिथे गोवा सुरू होतो. पलीकडच्या वस्तीचं नावही दोडामार्गच, फक्त ती डिचोली तालुक्यात. मोटारसायकलने म्हापसा पाऊण तासावर आणि आमच्याच जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस दोन तासांवर. त्यामुळे नोकरी, दवाखाना, बाजार, सोयरीक, सगळं पलीकडे. २०२० पर्यंत आमच्यासाठी सीमा म्हणजे पेट्रोल कुठे भरायचं ते ठरवण्याची जागा. गोव्यात स्वस्त, म्हणून येताना टाकी भरून यायचं. चेकपोस्टवर अबकारीवाले पिशव्या बघतात तेवढाच काय तो राज्य बदलल्याचा पुरावा.

त्या वर्षी होळीला साळला गडे, म्हणजे तिथला होळीतला रात्रीचा उत्सव, बघायला गेलो होतो. साळ गोव्यात, माझी ताई तिथे दिलेली. रात्रभर जागून पहाटे घरी आलो. ती मार्चची नऊ-दहा तारीख असेल. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत रस्त्यावर लोखंडी बॅरिकेड उभी राहिली. मुख्य रस्त्यावर एवढंच. आतल्या वाटांवर मात्र कुठे मातीचा ढीग, कुठे झाड तोडून आडवं घातलेलं. त्यातली काही झाडं सरकारी माणसांनी नव्हे, गावकऱ्यांनीच तोडली होती, दोन्ही बाजूंच्या. भीती सगळ्यांनाच होती, त्यात कोणाला दोष नाही. बॅरिकेडच्या या बाजूचा पोलिस विचारी, "खंय जातंस?" त्या बाजूचा विचारी, "खंय वता?" भाषेत एवढाच फरक, आणि मध्ये वीस फूट डांबर.

सुरुवातीचे काही दिवस गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती. आमच्याकडे सकाळी थोडा वेळ तरी उघडत. हे उलटंच झालं. एरवी आम्ही पिशवी घेऊन तिकडे जायचो. ताईच्या घरी तांदूळ संपत आला होता आणि आमच्या घरी बाबांची एक गोळी. बाबांवर २०१९ मध्ये बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात अँजिओप्लास्टी झाली होती. त्या गोळ्यांपैकी एक दोडामार्गात मिळत नव्हती, भावोजींना ती डिचोलीत मिळाली. मग ठरलं. सकाळी आठला मी दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन या बाजूला आणि भावोजी गोळ्यांचं पाकीट घेऊन त्या बाजूला. पुढे जायची कोणालाच परवानगी नाही. शेवटी गोव्याच्या पोलिसाने लाठी पुढे केली, तिच्या टोकाला गोळ्यांची पिशवी अडकवली आणि माझ्यापर्यंत पोचवली. तांदळाचं वजन काही लाठीला पेलेना. तो मी रस्त्याच्या मधोमध ठेवून मागे आलो आणि भावोजींनी येऊन उचलला. पोलिसाने सॅनिटायझर आधी पिशवीवर मारलं, मग लाठीवर, मग स्वतःच्या हातांवर. भावोजी लांबून ओरडले, "बाबांक सांग, उरल्यो गोळयो फुडल्या आयतवारा!" पुढचे पाच-सहा रविवार आमचं हेच चाललं.

बांबोळीचं आमच्यासाठी काय महत्त्व, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा इथे मोठं आंदोलन झालं होतं. आमच्याकडे तेवढं हॉस्पिटल का नाही, हा खरा प्रश्न. तो त्या वेळी विचारला गेला आणि तसाच पडून राहिला. टाळेबंदीत तो पुन्हा आठवला. रुग्णवाहिकेला सीमा खुली होती, पण दर तीन महिन्यांच्या तपासणीला जाणारा माणूस म्हणजे काही तातडीचा रुग्ण नव्हे. बाबांची ती तपासणी तीन वेळा चुकली.

आता बोंडूंचं, म्हणजे काजूच्या फळांचं सांगतो, कारण बातम्यांत हे कुठे आलं नाही. मार्च-एप्रिल म्हणजे काजूचा भर. बी विकली जाते, ती वाळवून ठेवता येते, भाव पडला तर थांबता येतं. बोंडू थांबत नाही. सकाळी झाडाखालून वेचला की त्याच दिवशी गेला पाहिजे. आमच्या भागातले बोंडू गोव्यात जातात, तिथे त्यांची उर्राक आणि फेणी, म्हणजे काजूची दारू होते. एरवी गोव्यातला व्यापारी पिकअप घेऊन बागेच्या तोंडाशी येतो, डबे मोजतो, रोख पैसे देऊन जातो. २०२० ला पिकअप आलाच नाही. सुरुवातीला आम्ही सवयीने बोंडू वेचून, बी पिळून, वेगळा ढीग करत होतो. चार-पाच दिवसांनी सोडून दिलं. एप्रिलच्या उन्हात बागेत तो गोडूस आंबट वास असा भरला की डोकं जड व्हायचं. शेजाऱ्याची म्हैस बोंडू खाऊन संध्याकाळी वाट चुकली, हे आम्ही हसत सांगायचो. पण त्या शेजाऱ्याच्या वर्षाच्या किराण्याचे पैसे त्या ढिगात होते.

एक गोष्ट मात्र बिनपासाची सुरू होती, ती म्हणजे तिलारीच्या कालव्याचं पाणी. धरण आमच्या तालुक्यात. कालवा सीमा ओलांडून जातो आणि अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला तेच पाणी पुरवतो. संध्याकाळी कालव्याच्या काठावर बसून आम्ही चार टाळकी म्हणायचो, आपल्यापेक्षा पाणी बरं.

१ मे २०२० ला गोवा ग्रीन झोन जाहीर झाला. एप्रिलमध्येच तिथले सातही रुग्ण बरे झाले होते. आम्हाला वाटलं, आता सुटलो. खरा घोळ इथून पुढे. मेच्या मध्यावर गोव्यात पुन्हा रुग्ण सापडले आणि जूनच्या सुरुवातीला वास्कोत मांगोरहिलला रुग्णांची साखळी लागली. दिल्लीहून 'अनलॉक' आला, त्यात म्हटलं होतं की राज्याराज्यांत ये-जा करायला बंधन नाही, पण राज्यांना हवं तर ते घालू शकतात. दोन्हीकडच्या राज्यांनी ते 'पण' नीट वाचलं.

गोव्याचा नियम असा होता: ४८ तासांच्या आतलं निगेटिव्ह प्रमाणपत्र आणा, नाहीतर २,००० रुपये भरून तपासणी करा, नाहीतर १४ दिवस घरात अलग राहा. कागदावर नियम बरोबर वाटतो. दिल्लीहून येऊन पंधरा दिवस राहणाऱ्याला तो लागूही पडतो. पण आम्ही सकाळी सातला जाणार आणि संध्याकाळी सातला परत येणार. आज दोन हजार, परवा पुन्हा दोन हजार? माझा तेव्हाचा पगार साडेतेरा हजार. आणि १४ दिवस अलग राहायचं ते कोणाच्या घरात? माझं घर तर सीमेच्या या बाजूला. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'येणारा' माणूस होता. जा-ये करणारा माणूस त्याने बघितलाच नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे. बंद करण्याबद्दल माझी तक्रार नाही. सूट दिली तेव्हाही आम्ही कोणत्याच रकान्यात बसत नव्हतो, ही तक्रार आहे.

(आमच्यापेक्षा विचित्र गत तेरेखोलची. ते गाव गोव्याचं, पण नदीच्या आमच्या बाजूला. आपल्याच राज्यात जायला त्यांना केरीची फेरीबोट, आणि रस्त्याने जायचं तर महाराष्ट्रातून. त्यांनी ते महिने कसे काढले हे त्यांच्यापैकी कोणीतरी लिहावं.)

मी म्हापशाजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला होतो. जूनमध्ये निरोप आला: कामावर यायचं तर गोव्यात राहा, नाहीतर दुसरी माणसं बघतो. मग दोन हजार भरून तपासणी केली आणि राहिलो. दोन खोल्यांत नऊ जण, कोणी दोडामार्गचा, कोणी बांद्याचा, एक वेंगुर्ल्याचा. खोल्यांचं भाडं पगारातून कापलं गेलं. स्वयंपाकाची पाळी होती आणि वेंगुर्लेकराच्या पाळीला सगळे वेळेवर जेवायला हजर असत. घर तीस किलोमीटरवर. मुलगा साडेतीन वर्षांचा. तो व्हिडिओ कॉलवर आधी रडायचा, मग गप्पा मारायला लागला, मग फोन आला की "आता खेळतंय" म्हणून निघून जायला लागला. तिसरी पायरी सगळ्यात वाईट होती.

चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणी माणसाला चतुर्थीला घरी जाऊ नको म्हणणं काय असतं ते मुंबईच्या चाकरमान्यांना विचारा. त्यांना त्या वर्षी गावी येऊन १० दिवस विलगीकरणात राहायला सांगितलं होतं. आमच्या गावच्या समितीने तोच नियम आम्हालाही लावला, मग आम्ही मुंबईहून येवो की म्हापशाहून. मी खोलीत बसून हिशेब केला: जाताना १० दिवस, परत येताना गोव्याचे १४ दिवस. आमचा गणपती दीड दिवसाचा. म्हणजे दीड दिवसासाठी चोवीस दिवस बिनपगारी. नाही गेलो. माटवी, म्हणजे गणपतीवरची आरास, भावाने बांधली. फोन त्याने पाटावर उभा करून ठेवला होता, पण आरती सुरू झाली आणि तो घसरून पडला. मला आरतीभर घराचे वासे दिसत होते, आणि झांजेचा आवाज.

नेमक्या त्याच दिवशी, २२ ऑगस्टला, केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र लिहिलं की आंतरराज्य वाहतुकीवर बंधनं घालू नका. १ सप्टेंबरपासून गोव्याने सीमा उघडल्या. २ सप्टेंबरपासून महाराष्ट्राने जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास रद्द केला. मी २ तारखेला संध्याकाळी सुटलो. बॅरिकेड रस्त्याच्या कडेला सरकवलेली होती. पोलिस खुर्चीवर बसला होता, त्याने मान वर करूनही बघितलं नाही. पाच महिने ज्याला चुकवायला लोक रानवाटा शोधत होते, त्याने साधं "खंय जातंस" सुद्धा विचारलं नाही, याचा मला चक्क राग आला.

पण सीमा उघडली म्हणजे काय झालं? बस पुढे कित्येक दिवस सुरू झाल्या नाहीत. ज्याच्याकडे मोटारसायकल नाही त्याला सीमा बंदच होती. म्हापशाच्या दुकानांत काम करणाऱ्या आमच्याकडच्या बायका बसनेच जायच्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या जागी तोवर दुसऱ्या आल्या होत्या. आमच्या नऊ जणांतले तिघे घरी गेले ते परतलेच नाहीत. एकाने कोंबड्या पाळल्या, एक सावंतवाडीत रिक्षा चालवतो, तिसऱ्याचा पत्ता नाही. आणि ताईकडे जायला रस्ता मोकळा होता तरी दिवाळीपर्यंत कोणी गेलं नाही. भावोजींची आई म्हातारी, आमचे बाबा हृदयाचे रुग्ण. आपणच आजार नेला तर? या बंदीला कुठला आदेश लागला नाही.

२०२१ ला दुसरी लाट आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आदेश दिला: १० मेपासून ७२ तासांच्या आतलं निगेटिव्ह प्रमाणपत्र असल्याशिवाय गोव्यात प्रवेश नाही. गंमत म्हणा की दैव, त्याच दिवसांत गोव्यात तपासलेल्यांपैकी जवळपास निम्मे बाधित निघत होते. म्हणजे आजार आत, आणि निर्दोष असल्याचा दाखला आम्ही द्यायचा. तरीही तो आदेश मला चुकीचा वाटत नाही. ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती ते दिवस होते, आणि कोणीतरी काहीतरी ठाम करायलाच हवं होतं. अडचण पुन्हा तीच. स्वॅब देऊन अहवाल हातात येईपर्यंत बहात्तरमधले बरेच तास संपलेले असत आणि उरलेल्यात दोन पाळ्या कशाबशा व्हायच्या. नाकात आठवड्याला दोनदा काडी. आमच्यातला एक म्हणायचा, हजेरी मस्टरवर नको, नाकातच लावा. त्या पावसाळ्यात दोन डोस घेतलेल्या कामगारांना सूट मिळाली, आणि मग लसीच्या रांगेत भल्या पहाटे कोण उभं राहत होतं ते सांगायला नको.

ते प्रमाणपत्र दाखवायचं कधी थांबलं हे मला आठवतही नाही. बंदीची तारीख पाठ आहे, ती संपल्याची नाही. एक दिवस लक्षात आलं की महिनाभर कोणी मागितलेलं नाही, एवढंच. लॅमिनेट केलेला लसीचा कागद अजून गाडीच्या डिकीत आहे, पेट्रोलच्या फडक्याखाली.

बोंडूंचा पिकअप २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा बागेच्या तोंडाशी आला. व्यापारी तोच, ड्रायव्हर नवा. भाव विचारला तर जुनाच सांगितला. वर म्हणाला, चेकपोस्टच्या पलीकडे आणून दिलात तर डब्यामागे पाच रुपये जास्त देतो, मला आता इकडे गाडी घालायचा भरवसा वाटत नाही. तेव्हापासून बोंडू आम्हीच पलीकडे नेऊन देतो.