तोक्योहून एका दिवसात तादामी लाइन (जपानमधला डोंगर-नदीकाठचा रेल्वेमार्ग) जमेल का? आणि पुलाच्या फोटोसाठी कुठल्या बाजूला बसावं?

जमेल, पण जाऊन-येऊन नाही. एका टोकाने शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं.

आइझु-वाकामात्सु आणि कोइदे ही मार्गाची दोन टोकं, अंतर 135.2 किमी. पूर्ण मार्गावर दिवसाला प्रत्येक बाजूने तीनच गाड्या, एका बाजूच्या प्रवासाला साडेचार तासांच्या आसपास. वाकामात्सुहून सकाळी सहाची, दुपारी एकची आणि संध्याकाळी पाचची. तुम्हाला एकचीच पकडायची आहे. ती हुकली की पाचची बरीचशी अंधारात जाते, म्हणजे दिवस फुकट. तोक्योहून कोरियामापर्यंत शिन्कानसेनने (बुलेट ट्रेनने) दीड तास, तिथून बानएत्सु वेस्ट लाइनने सव्वा तास. आठपर्यंत निघा. वाकामात्सुला तासभर आधी पोचलात तर जागा मिळते. ऑक्टोबरअखेरीच्या शनिवार-रविवारी एक-दोन डब्यांत उभं राहायलाही दाटी होते.

आता फोटोचं. या लाइनच्या प्रसिद्ध फोटोंतला तो कमानीचा पूल आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब गाडीतून दिसतच नाही, कारण तुम्ही पुलावर असता! तो फोटो मिशिमा गावाजवळच्या टेकडीवरच्या पॉइंटवरून काढलेला असतो. तिथे उतरलात तर पुढची गाडी काही तासांनी, मग त्याच दिवशी कोइदे विसरा. दोन्ही हवं असेल तर एक रात्र मुक्काम करा.

सीटचं फार मनावर घेऊ नका. तादामी नदीवरचे क्रमांकाचे पूलच आठ आहेत, नदी सारखी बाजू बदलते. पाणी आरशासारखं स्थिर दिसतं ते धरणांमुळे; हा पट्टा म्हणजे एकापुढे एक जलाशयच. पहिला पूल आइझु-हिनोहारा स्टेशन सोडल्यावर लगेच येतो, तेव्हा मोबाइल हातात ठेवा.

2011 च्या पुरात आइझु-कावागुची ते तादामी हा 27.6 किमीचा तुकडा बंद पडला, तो 1 ऑक्टोबर 2022 ला पुन्हा सुरू झाला. त्यामुळे जुन्या ब्लॉगमधली 'मध्ये बस पकडा' ही सूचना सोडून द्या. तादामीनंतर वीसेक किलोमीटर एकही स्टेशन नाही, त्यातले सहा किमीहून जास्त रोकुजुरिगोए बोगद्यात. नावाचा अर्थ 'साठ री' (री म्हणजे अंतराचं जुनं जपानी माप, सुमारे चार किमी); खिंड सहा रीचीच, पण चढ असा की दसपट वाटायची म्हणे.

सुइका कार्डावर (रेल्वेच्या प्रीपेड कार्डावर) तोक्योहून शिरू नका, मधल्या स्टेशनांवर ते चालत नाही; कागदी तिकीट किंवा जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) घ्या. खाणं वाकामात्सुलाच घ्या. शाकाहारी असाल तर उमेचं ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) मागा, तेही पाकिटावरचे घटक वाचून.

कोइदेहून जोएत्सु लाइनने दोन स्टेशनं पुढे उरासा, तिथून शिन्कानसेनने तोक्यो. प्रत्येक शिन्कानसेन उरासाला थांबत नाही, वेळ आधी बघून ठेवा. हिवाळ्यात बर्फामुळे गाड्या रद्द होतात, म्हणून निघायच्या सकाळी जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचं वेबपान तपासा.