तान्ह्या बाळाचं बीपी कशाला मोजायचं?

प्रश्न : नात सात महिन्यांची आहे. झोपेतून उठली की अंग दुमडून झटके यायचे, म्हणून प्रेडनिसोलोन सुरू केलं. झटके थांबले, पण डॉक्टर सारखं बीपी मोजायला बोलावतात. एवढ्याशा जिवाला बीपी कसलं?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, बोलावतात ते अगदी योग्य. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे आणि या झटक्यांसाठी त्याचा डोस मोठा लागतो. त्यामुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. एसीटीएच या संप्रेरकाच्या (शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लावणाऱ्या) इंजेक्शनानेही हेच होतं. बाळ वरून गुबगुबीत दिसतं, तिथेच फसगत होते.

मोजताना चूक बहुधा कफची, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची असते. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. घेर १५ सेंमी असेल तर ६ सेंमी. अरुंद कफ आकडा खोटाच वाढवून दाखवतो. उजवा दंड घ्यावा, बाळ शांत किंवा झोपलेलं असावं. रडताना आलेला आकडा धरू नका, थोडं थांबून पुन्हा मोजायला सांगा.

बीपी वाढलं तरी औषध मनाने बंद करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) तोवर मंदावलेलं असतं, शिवाय झटके परतू शकतात. डॉक्टर डोस बदलतील किंवा बीपीचं औषध जोडतील. सारख्या उलट्या, दूध न ओढणं, सुस्ती, ताप यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लसीआधीही विचारा, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि पोलिओचे थेंब ही जिवंत लस आहे.