निर्माल्याची वही

प्रश्न : मी कोथरूडच्या एका मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी आम्ही पर्यावरण दिन साजरा करतो, प्रभातफेरी काढतो, रोपे लावतो. पण महिन्याभरात मुले सारे विसरून जातात. असे उपक्रम आणि वर्गातला अभ्यास यांची सांगड कशी घालावी?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आपल्याकडे ५ जूनला उन्हाळ्याची सुट्टी चालू असते, त्यामुळे हा दिवस बहुधा शाळा उघडल्यावर उरकला जातो, आणि उरकलेले मुलांच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी मुलांच्या घरात आणि सोसायटीत असतोच असा गणेशोत्सव आपण निवडावा, आणि त्याच्या आधी व नंतरही वर्गात काम चालू राहील अशी आखणी करावी.

उत्सवापूर्वी एका बादलीत वाळलेल्या शाडूचा आणि दुसरीत प्लास्टर ऑफ पॅरिसचा मुठीएवढा गोळा टाकून ठेवा. शाडू काही तासांत विरघळून तळाशी बसतो. प्लास्टरचा गोळा दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातले, तर या प्लास्टरपासून अमोनियम सल्फेट हे खत आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. त्याचे समीकरण मुलांनाच फळ्यावर मांडू द्या. (अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून हा प्रयोग व्हरांड्यात आणि आपल्या देखरेखीखालीच व्हावा.)

उत्सवात मुलांनी आपापल्या इमारतीतले निर्माल्य हातमोजे घालून निवडावे, हारांतले दोरे आणि प्लास्टिक बाजूला काढावे, आणि दोन्हींचे वजन ताणकाट्यावर करून वहीत लिहावे. सर्वांत जास्त निर्माल्य आणणाऱ्याला बक्षीस मात्र कधीही ठेवू नये, कारण मग हार कमी आणावेत हा विचारच मुलांच्या मनात येणार नाही. गर्दीच्या विसर्जनघाटावर मुलांना नेण्याऐवजी, तेथे निर्माल्य वेगळे काढणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या एखाद्या कचरावेचक ताईंना वर्गात बोलवा आणि प्रश्न मुलांना विचारू द्या.

निवडलेले निर्माल्य शाळेच्या आवारात वाळक्या पालापाचोळ्याबरोबर थर देऊन कुजवावे. दिवाळीच्या सुट्टीत त्यावर पाणी शिंपडण्याचे शिपाईमामांशी आधीच ठरवून घ्यावे. अनेक शाळांचे खत याच पंधरवड्यात वाळून वाया जाते. सुट्टीनंतर पुन्हा वजन करावे. ते बरेच घटलेले दिसेल, आणि घटलेले वजन गेले कुठे, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. तेव्हा बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांचा धडा घ्यावा. तयार खत ज्या इमारतींतून निर्माल्य आले त्यांना परत द्यावे, आणि प्रत्येक पिशवीवर आधीचे व नंतरचे वजन मुलांच्या अक्षरात लिहिलेले असावे.