ऑटोबानवर डावी लेन कोणाची?

जर्मनीत गाडी चालवण्याबद्दल मागच्या अंकात लिहिलं आणि एवढी पत्रं आली की सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीयेत. नावं काढून टाकलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (पुणे) : कंपनी मला दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवतेय. ऑटोबानवर, म्हणजे तिकडच्या एक्सप्रेसवेवर, खरंच स्पीड लिमिट नसतं का? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बारा वर्षं गाडी चालवतोय, त्यामुळे हायवेची भीती नाही. आपलं लायसन्स तिकडे चालेल ना?

उत्तर : आधी लायसन्सचं सांगते. तिकडे राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं लायसन्स चालतं, सोबत भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट ठेवा. सहा महिन्यांनंतर चालत नाही, मग थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि बारा वर्षं गाडी चालवलेली आपली माणसं त्यात नापास होतात हे मी जवळून बघितलंय. नव्याने शिकणाऱ्या जर्मन मुलांना ऑटोबानवरचे ४५ मिनिटांचे चार क्लास सक्तीचे असतात. आपल्याला सक्ती नाही, तरी पैसे घालून दोन तरी घ्याच.

आता स्पीड. ऑटोबानचं जाळं सुमारे १३,००० किलोमीटरचं आहे आणि त्यातल्या साधारण ७० टक्के रस्त्यावर कायमचं लिमिट नाही, हे खरंय. पण शहराजवळ, वळणावर, रस्त्याचं काम चालू असेल तिथे लिमिट असतं आणि ते कडक असतं, काही ठिकाणी वर कमानीवर दिव्यांच्या पाट्या असतात त्या ट्रॅफिक आणि पाऊस बघून आकडा बदलतात. पांढरी गोल पाटी आणि तिच्यावर तिरक्या काळ्या रेघा दिसल्या की लिमिट संपलं. तिथेही १३० ची शिफारस आहेच, १९७८ पासून. ती मोडली म्हणून दंड नाही, पण अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही नुकसानीचा काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो, कारण तुम्ही १३० च्या वर होतात. तिथल्या वरच्या कोर्टाचा १९९२ चा तसा निकालच आहे.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही किती जोरात जाता यापेक्षा मागून कोण किती जोरात येतंय हे तिथे शिकावं लागतं. साधं गणित करा, तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तुम्ही ११० ने चाललायत, ट्रकला ओव्हरटेक करायला डावीकडे निघालात आणि डाव्या लेनमधून कोणीतरी २०० ने येतोय, म्हणजे फरक ९०, सेकंदाला २५ मीटर. आरशात २०० मीटर लांब दिसणारा तो ठिपका आठ सेकंदात तुमच्या डिकीपाशी असतो. म्हणून आरसा एकदा बघायचा नाही, दोनदा बघायचा, दोन वेळा बघितल्यावरच कळतं ठिपका किती पटकन मोठा होतोय, मग मान वळवून खांद्यावरून बघायचं आणि मगच लेन बदलायची.

आणि काम झालं की परत उजवीकडे. हा तिथे कायदा आहे. माझ्या पहिल्या क्लासला मी मधल्या लेनमधून मस्त १२० ने चालले होते, उजवी लेन लांबपर्यंत मोकळी, शिकवणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त बोटाने उजवीकडे दाखवलं, मला वाटलं काहीतरी बघायला सांगतायत म्हणून मी बघितलं, तर परत बोट, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, ती रिकामी लेन तुझी आहे. उजवीकडे अधूनमधून ट्रक असतील तर मधल्या लेनमध्ये राहिलेलं चालतं, पण डावी लेन ही फक्त ओव्हरटेकपुरती. उजवीकडून ओव्हरटेक केलंत तर १०० युरो दंड आणि एक पॉइंट, म्हणजे तुमच्या नावावर चुकीची नोंद. आपल्या एक्सप्रेसवेवर डावीकडून, उजवीकडून, जिथून फट मिळेल तिथून काढायची सवय लागलेली असते, आणि तिकडे सगळंच उलट्या बाजूला, त्यामुळे ही सवय आधी सोडा. २०० ने येणारा माणूस एकाच भरवशावर येत असतो, की पुढचा आरशात बघेल आणि उजवीकडून कोणी घुसणार नाही. तो भरवसा गेला तर लिमिट नसलेला रस्ता एक दिवसही चालणार नाही.

प्रश्न (म्युनिक) : घरी पत्र आलंय, १०० च्या लिमिटला १२१, सोबत फोटो. गाडी माझ्या नावावर आहे पण चालवत होती बायको. दंड कोणी भरायचा? आणि कॅमेरे दाखवणारं अॅप वापरलं तर चालतं का?

उत्तर : जर्मनीत असा दंड गाडीच्या मालकाला नसतो, चालवणाऱ्याला असतो, म्हणून तर समोरून चेहऱ्याचा फोटो काढतात. मशीनवर बहुतेक १२५ आलं असणार, १०० च्या वर तीन टक्के सूट कापतात म्हणून पत्रात १२१. म्हणजे २१ जास्त, आणि तुमचं नशीब इथेच फिरलंय, कारण २० पर्यंत ६० युरोत भागतं आणि २१ पासून १०० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या रजिस्टरला, म्हणजे देशभरच्या ड्रायव्हरांच्या चुकांची नोंद असते तिथे, एक पॉइंट, तो अडीच वर्षं राहतो. आठ पॉइंट झाले की लायसन्स जातं. नवऱ्याला बायकोचं नाव सांगायची सक्ती नाही हे खरंय, पण चालवणारा सापडलाच नाही तर तुमच्या गाडीला लॉगबुक लावू शकतात, म्हणजे प्रत्येक फेरी लिहून ठेवायची. फॉर्ममध्ये बायकोचं नाव घाला, तिने केलंय तिने भरू दे, आणि स्वतःवर घेऊ नका, ते खोटं आहे आणि फोटो त्यांच्याकडे आहे.

अॅप गाडी चालवताना चालू ठेवायला बंदी आहे, ७५ युरो आणि पॉइंट. ठेवू नका.

प्रश्न (नाशिक) : मुलाकडे न्युर्नबर्गला गेले होते. वाटेत ट्रॅफिक जॅम लागला तर सगळ्या गाड्या आपोआप कडेला झाल्या, मध्ये मोकळा रस्ता, आणि त्यातून कोणीच जात नव्हतं! मुलगा म्हणाला नियम आहे. पण कोणाला जाऊ द्यायला? अँब्युलन्स तर दिसतच नव्हती.

उत्तर : ताई, अँब्युलन्स दिसायच्या आधीच वाट करायची, हाच तर नियम आहे. त्याला रेटुंग्सगासे म्हणतात, वाचवणाऱ्यांची वाट. सगळ्यात डाव्या लेनमधल्यांनी डाव्या कडेला सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे, लेन कितीही असोत. गाड्या हळू झाल्या की लगेच, पूर्ण थांबायची वाट बघायची नाही, कारण एकदा बंपरला बंपर लागला की सरकायला जागाच राहत नाही.

स्टुटगार्टहून उल्मकडे जाताना ए८ ला एकदा आम्ही असेच अडकलो होतो. पुढच्याने हॅझर्ड लावले, त्याच्या पुढच्याने लावले, आणि मिनिटभरात लांबपर्यंत मध्ये वाट तयार, माझ्या डाव्या आरशात शेवटपर्यंत नुसता डांबरी रस्ता दिसत होता. पाचेक मिनिटांनी पोलीस गेले, मग अग्निशमनची गाडी, आणि मला वाटलं झालं, आता सरकूया आत, तर शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून हात हलवला, नाही नाही. त्यानंतर अजून एक अँब्युलन्स आली.

हे नेहमी इतकं नीट होतं असं मात्र नाही. ३ जुलै २०१७ ला बव्हेरियात म्युन्शबर्गजवळ ए९ वर एक टुरिस्ट बस जॅमच्या शेपटाला ट्रकच्या ट्रेलरवर आदळली आणि पेटली, १८ माणसं गेली. आग इतकी झपाट्याने पसरली की आत अडकलेल्यांना काढताच आलं नाही, आणि मदतीला निघालेल्या गाड्यांना लोकांनी नीट वाट दिली नव्हती म्हणून देशभर संताप झाला. आधी याला २० युरो दंड होता, त्याच वर्षी तो २०० आणि दोन पॉइंट झाला, आता वर एक महिना लायसन्सही जातं. अपघाताजवळ थांबून मेलेल्या माणसांचे फोटो काढणं हा २०२१ पासून गुन्हाच आहे. तुमच्या मुलाने न सांगता गाडी बाजूला घेतली ना, मला त्याचं फार बरं वाटलं.

प्रश्न (फ्रँकफर्टजवळून) : मी १४० ने ओव्हरटेक करत असते आणि मागचा अगदी चिकटतो, लाइट मारत राहतो. घाबरून मी पण स्पीड वाढवते. पोलीस काही करत नाहीत का?

उत्तर : स्पीड वाढवू नका, ब्रेकही दाबू नका. चालू असलेलं ओव्हरटेक पूर्ण करा, जागा मिळाली की उजवीकडे या, त्याला जाऊ दे. ओव्हरटेक करतोय हे सांगायला शहराबाहेर एकदा लाइट मारणं कायद्यात बसतं, पण चिकटून मारत राहणं ही जबरदस्ती धरली जाते आणि तो फौजदारी गुन्हा आहे. गाडीचा नंबर घेऊन तक्रार करता येते. हातवारे मात्र करू नका, मधलं बोट दाखवलं तर केस तुमच्यावर होईल.

पोलीस करतात, फक्त दिसत नाहीत. अंतराचा हिशेब सोपा आहे, स्पीडच्या आकड्याच्या निम्मे मीटर, म्हणजे १४० ला ७०. रस्त्याच्या कडेचे पांढरे खुंट ५० मीटरवर असतात त्यावरून अंदाज येतो. पुलावर कॅमेरा असतो, खाली रस्त्यावर रेघा मारलेल्या असतात, आणि दोन गाड्यांमधलं अंतर व्हिडिओवरून मोजतात. १४० ला सात मीटरच्या आत सापडला तर ४०० युरो, दोन पॉइंट आणि तीन महिने लायसन्स नाही. शिवाय साध्या गाडीतले पोलीस कॅमेरा लावून मागे मागे येतात, मग पुढे जातात आणि काचेत अक्षरं पेटतात, बिटे फोल्गेन, माझ्या मागे या. हे पोलीस ज्या त्या राज्याचे, हेसेमध्ये हेसेचे, बव्हेरियात बव्हेरियाचे. फिरायला आलेल्यांकडून जागेवरच रक्कम भरून घेऊ शकतात, तेव्हा पाहुण्यांना गाडी देताना सांगून ठेवा.

प्रश्न (ठाणे) : ऑटोबानवर पेट्रोल संपलं तर दंड होतो म्हणे, खरं का?

उत्तर : तिथे विनाकारण थांबायलाच मनाई आहे, आणि पेट्रोल संपणं ही टाळता येणारी गोष्ट धरतात, त्यामुळे हो, होऊ शकतो. गाडी बंद पडलीच तर हॅझर्ड लावा, उजव्या कडेच्या पट्टीवर जेवढी बाजूला घेता येईल तेवढी घ्या, पिवळं जाकीट आत बसूनच घाला, उजव्या दाराने उतरा आणि मुलांना घेऊन लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा, मग त्रिकोण लांब मागे नेऊन ठेवा, जाताना कठड्याच्या पलीकडूनच चालायचं. खुंटांवर छोटा काळा बाण असतो, तो ज्या बाजूला दाखवतो तिकडे जवळचा नारिंगी इमर्जन्सी फोन. मोबाइलला रेंज असेल तर तिथूनही करा, पण गाडीत बसून नको.