एखादं काम करण्यासारखं आहे हे कोण ठरवतं? शेवटी ज्याच्या मनाला पटेल तेच खरं ना?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बरी आहे, शनिवार-रविवार वस्तीतल्या मुलांना गणित शिकवता आणि घरचे म्हणतात वेळ वाया घालवतोस. मोलाचं काय, योग्य काय, याला काही माप आहे का, की ज्याच्या मनाला पटेल ते खरं, असा तुमचा प्रश्न आहे. त्यातल्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. ते वाक्य मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकते आहे, आणि तेही बुद्धाच्या नावावर.

आमचं घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला. बाबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. घराची रस्त्याकडची खोली त्यांनी वस्तीतल्या मुलांना अभ्यासिकेसाठी दिली. चार लांब टेबलं, खस लावलेला लोखंडी कूलर, दाराशी चपलांचा ढीग आणि खिळ्याला दोरीनं बांधलेलं रजिस्टर: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा एका खोलीच्या घरात, पत्र्याखाली, टीव्ही आणि आजारी आजोबांच्या शेजारी बसून पोलीस भरतीचा किंवा नर्सिंगचा अभ्यास कसा होतो हे ज्यानं केलंय त्यालाच विचारा. मुली रात्री दहापर्यंत बसायच्या, कारण बाबा स्वतः दारात खुर्ची टाकून बसायचे आणि त्यामुळे कुणाच्या घरून हरकत येत नसे.

बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्याच आठवड्यात दादानं एका मोबाइल दुकानवाल्याला खोली दाखवली. भाडं ठरलं महिना 12,000. मी आडवी आले. तेव्हा दादानं जुनी रजिस्टरं काढली, लाल पेन घेतला आणि जमिनीवर बसून एकेका नावासमोर खूण करायला लागला. ज्याला सरकारी नोकरी लागली त्याला खूण. वहिनीनं आणलेला चहा तसाच गार झाला. पानंच्या पानं कोरी गेली. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणाला, "पाय. इतके वर्सं खोली अडवून ठेवली अन् लागले किती? तू हे काऊन करून राहिली, कोन विचारून राहिलं तुले?" मी म्हटलं, बाबांनी सुरू केलंय. त्यावर तो म्हणाला, "बाबांनी केलं म्हनून मानू नको. बुद्धानंच सांगतलं, आपल्या बुद्धीले पटन तेच घे. मले नाही पटत."

आता हे वाक्य आपल्याकडे फ्लेक्सवर असतं, भिंतींवर असतं, रोज सकाळी मोबाइलवर येतं. ते ज्यातून घेतलंय म्हणतात ते बुद्धाचं प्रवचन, कालाम सुत्त, त्या रात्री मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहे, फार मोठं नाही. केसपुत्त गावचे कालाम बुद्धाला जे विचारतात तोच तुमचा प्रश्न आहे. ते म्हणतात, इथे येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलं मत उचलून धरतो आणि दुसऱ्याचं पायदळी तुडवतो. यातलं खरं कोण बोलतो? बुद्ध दहा आधार नाकारतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून मानू नका. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच दहांत तर्कही आहे, आणि आपल्या आधीच्या मताशी जुळतं म्हणून मानणंही आहे. म्हणजे दादाचं "मले पटत नाही" आणि माझं "बाबांनी केलंय" ही दोन्ही कारणं एकाच यादीत बाद होतात.

पुढे बुद्ध विचारतो की माणसात लोभ, द्वेष, मोह उपजतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा? कालाम म्हणतात, अहिताचा. मग त्याच्या भरात माणूस जीव घेतो, न दिलेलं घेतो, खोटं बोलतो, दुसऱ्यालाही त्यात ओढतो, हे तो त्यांच्याकडूनच वदवून घेतो. आणि सुजाण लोक या गोष्टीला नावं ठेवतात की वाखाणतात, हेही विचारतो. थोडक्यात, एखादं काम माणसाला कशाच्या भरात करायला लावतं, त्यातून कुणाचं काय होतं, आणि ज्यांची समज आपण मानतो ते त्याला काय म्हणतात, हे बघायचं. मनाला पटणं या सगळ्यानंतर यावं.

बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली 13 ऑक्टोबर 1935 ला आणि दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, आमच्या नागपुरात. मधे 21 वर्षं गेली. त्यांनी निरनिराळे धर्म तपासले, जाहीर वाद घातले, टीका झेलली. नुसतं मनाला पटलं म्हणून उठायचं असतं तर 21 वर्षं लागली नसती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून येणारी माणसं बघा. घरून भाकरी बांधून आणतात, फुटपाथवर झोपतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. त्यांना कुणी मोलाचं काय हे व्याख्यान देऊन शिकवलेलं नाही. आधीच्या पिढीला पुस्तकावाचून काय भोगावं लागलं, हे त्यांना घरातूनच माहीत आहे.

दादाच्या लाल खुणांत जे सुटलं ते सांगते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न तिच्या वडिलांनी बारावीनंतर जवळजवळ ठरवलंच होतं. ती अभ्यासिकेत बसते, परीक्षा देते, एवढ्या कारणावर ते पुढे ढकललं गेलं. सरकारी नोकरी तिला लागली नाही. पण लॅबचा कोर्स झाला, आज ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि घर तिच्या पगारावर चालतं. रजिस्टरमध्ये तिच्या नावासमोर खूण नाही. हिशेबाला माझा विरोध नाही, मी स्वतः बँकेत कारकून आहे. पण काय मोजायचं हे आधी ठरतं आणि मग आकडे येतात. दादानं भाडं आणि सरकारी नोकऱ्या मोजायचं ठरवलं, तिथेच निकाल लागला होता.

तरी त्याची एक गोष्ट मी मान्य केली. खोलीत आईचा, त्याचा आणि माझा सारखा वाटा. आईनं तिचा सोडला, मी माझा सोडला. दादा म्हणाला, तुझी तत्त्वं माझ्या खिशातून काऊन? रास्त बोलला. ज्याला एखादं काम मोलाचं वाटतं त्यानं ते दुसऱ्याच्या पैशानं करू नये. तेव्हापासून दर महिन्याला माझ्याकडून त्याच्या वाट्याचे 4,000 रुपये त्याच्या खात्यात जातात आणि अभ्यासिका चालू आहे. नातेवाईक म्हणतात, सख्खा भाऊ बहिणीकडून भाडं घेतो, शोभतं का? मला त्यात काही वावगं वाटत नाही. पैसे घेण्यात त्याची चूक नाही. "ज्याचं त्याचं" म्हणण्यात त्याची चूक आहे, कारण तसं म्हटलं की खोली बंद झाल्यावर त्या मुली कुठे बसतील याचं उत्तर द्यावं लागत नाही. ज्याच्यावर परिणाम होणार नसतो त्यालाच हे वाक्य परवडतं.

आता एक गोष्ट, जी दादासमोर मी सहसा बोलत नाही. अशा खोलीनं नुकसानही होतं. एमपीएससीच्या नादात तिशी ओलांडलेली मुलं मी त्याच टेबलावर बघितली आहेत. जागा फुकट, सोबत चांगली, घरच्यांना सांगायला कारण तयार. काम चांगलं म्हणून त्याचे सगळे परिणाम चांगले असं नसतं. म्हणून आता नवीन नाव लिहिताना मी विचारते की हे नाही जमलं तर काय करशील, आणि उत्तर रजिस्टरमध्येच लिहून घेते. काहींना राग येतो.

तुमच्याबद्दल मला दोन ओळींपेक्षा जास्त माहीत नाही, त्यामुळे शिकवा की सोडा हे मी सांगणार नाही. पण वेळ वाया जातो म्हणजे नेमका कुणाचा, हे घरच्यांना नीट विचारा. तुम्ही शनिवारी वर्गावर असताना नळाचं पाणी भरायला, वडिलांना दवाखान्यात न्यायला कोण जातं? ते बहिणीवर किंवा बायकोवर पडत असेल तर आधी तिच्याशी बोला. आणि मुलांनाही विचारा, तोंडावर नाही. एक शनिवार न सांगता दुसऱ्या कुणाला शिकवायला पाठवा, आणि मग त्यांनी काय सांगितलं ते त्या माणसाकडून ऐका.