गादीत ऑप्टिकल फायबर टाकून श्वास मोजता येतो का? बोटाला ऑक्सिमीटर लावला की पुरे ना?

मोजता येतो. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. हेच वाक्य चार वर्षांपूर्वी मी घरात ऐकलंय.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वेदना सोसवेनात म्हणून मॉर्फिन चालू, नाकात ऑक्सिजनची नळी. रात्री तिच्याजवळ मी होतो. पहाटे अडीचच्या सुमारास तिचा श्वास फार लांबल्यासारखा वाटला. बोटावरचं यंत्र 98 दाखवत होतं. चार्टवर श्वासाच्या रकान्यात संध्याकाळपासून 18, 18, 18. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. 7 भरले. परत मोजलं, परत 7. मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ पडलेला असतानाही मिनिटाला 12 ते 20 असतो. सिस्टर धावत आल्या, ड्यूटीवरचे डॉक्टर आले, श्वास मंदावणारं मॉर्फिन बंद केलं. आईला हाका मारमारून जागं ठेवलं. उजाडेपर्यंत ती 12 वर आली.

सकाळी मेहुणे आले, थोरल्या बहिणीचे यजमान, स्वतः डॉक्टर. म्हणाले, "98 होतं ना? मग उगाच वॉर्ड कशाला डोक्यावर घेतलास?"

तो वाद अजून मिटलेला नाही. 98 हा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आहे, श्वासाचा नव्हे. नळीतून जादा ऑक्सिजन मिळत असेल तर श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ जागचा हलत नाही, आणि तोवर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. यात सिस्टरांचा दोष मी काढणार नाही. ताप, बीपी, पल्स यंत्रावर दिसतात. श्वास मात्र एकेका खाटेशी मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो, आणि अख्ख्या वॉर्डला रात्री दोघीच असतात.

माझा धंदा फायबर स्प्लायसिंगचा, म्हणजे केबलची टोकं जोडण्याचा, वीस वर्षं झाली. केबल कुठे चेपली, वाकली की तिथून प्रकाश गळतो आणि ओटीडीआरवर, म्हणजे प्रकाश सोडून गळती शोधणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, पायरी दिसते. 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला जेमतेम कळणारा बेंड 1550 ला ठळक दिसतो. हा लॉस शोधत मी उन्हातान्हात हिंडलोय. गादीतला सेन्सर याच गळतीवर चालतो, हे कळलं तेव्हा मला राहवेना.

एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिक फायबर आणली, प्लॅस्टिकच्या जाळीच्या दोन थरांत नागमोडी बसवली. एका टोकाला लाल एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा फोटोडायोड. पट्टी चादरीखाली, छातीच्या बरोबर खाली. श्वासासरशी अंगाचा भार जाळीवर किंचित सरकतो, फायबर तेवढीच दबते आणि पोचणारा प्रकाश कमीजास्त होतो. लॅपटॉपवर आईच्या श्वासाची लाट उमटली तेव्हा मी शेजारी घड्याळ घेऊन मोजत होतो. पाच मिनिटांत एकाही श्वासाचा फरक पडला नाही. अंगाला एकही वायर नाही, आईला तर पट्टी आहे हेसुद्धा जाणवलं नाही. कापसाच्या जाड गादीखाली घातली तेव्हा मात्र लाट जवळजवळ मेली. कूस बदलली की अर्धा मिनिट नुसता गोंधळ दिसे.

दुसरा प्रकार ब्रॅग ग्रेटिंगचा, म्हणजे फायबरमध्ये ठरावीक अंतरावर कोरलेल्या बारीक रेघांचा. 1978 साली कॅनडात केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायबरच्या गाभ्यातच प्रकाशाने अशी ग्रेटिंग कोरून दाखवली. ती ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते. छातीच्या पट्ट्यात बसवली की श्वासाबरोबर ताणली जाते आणि ती तरंगलांबी सरकते, दहा लाखांत एक भाग ताणाला सुमारे 1.2 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). पण एक अंश तापमान वाढलं तरी ती दहाएक पिकोमीटर सरकते. म्हणून अंगाची ऊब वेगळी काढायला शेजारी ताण न बसणारी दुसरी ग्रेटिंग लागते. हे वाचणारं यंत्रही महाग. एमआरआयमध्ये मात्र फायबरचा खरा उपयोग. तिथे धातूची वायर तापून कातडी भाजू शकते, काचेतून वीजच वाहत नाही. तरी तिथे हवेच्या फुग्याचा पट्टा आधीपासून वापरतात, तोही चालतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. झोपेत घसा बंद पडून श्वास अडतो तेव्हा छाती-पोट हलतच राहतात, हवा मात्र आत जात नाही. अशा वेळी गादीतली पट्टी श्वास चालू असल्याचंच दाखवेल. तिथे घरी, ऑक्सिजनच्या नळीशिवाय झोपलेल्या माणसाचा ऑक्सिमीटरचा आकडा घसरतो आणि त्यावरून कळतं. एवढ्यापुरतं मेहुण्यांचं मला मान्य आहे. घरी केलेली पट्टी अलार्म म्हणून वापरू नका, मीही वापरत नाही.

आणि तुमचं कोणी मॉर्फिनवर असेल, शिवाय नाकात ऑक्सिजन असेल, तर पोटाकडे बघून पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चाराने गुणू नका. तसं केलं असतं तर मला 4 तरी मिळाले असते नाहीतर 8, 7 कधीच नाही. दहाच्या खाली आले तर यंत्र काहीही दाखवू दे, आधी सिस्टरना हाक मारा.