बिट की बाइट, ते आधी पाहा

प्रश्न : महिन्यापूर्वी घरी फायबरचे शंभर एमबीपीएसचे कनेक्शन घेतले. जत्रेतल्या नाटकाचे रेकॉर्डिंग पुतण्याने ड्राइव्हवर ठेवले होते, सहा जीबीचे. शंभरच्या हिशेबाने ते मिनिटभरात उतरायला हवे. लागली नऊ मिनिटे! संगणकावर वेगाचा आकडा अकराच्या आसपासच राहिला. माजघरात मोबाइलवर तर तीनच दिसतो. घर जुने, चिऱ्यांचे आहे. कंपनीविरुद्ध तक्रार करू का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : तक्रारीचा कागद सध्या बाजूला ठेवा. संगणकावर तुम्हाला ठरलेला वेग मिळतो आहे, आणि ते तुमच्याच आकड्यांवरून दिसते.

कंपनीचे शंभर मेगाबिटचे असतात. संगणकावर दिसलेले अकरा मेगाबाइटचे. आठ बिट म्हणजे एक बाइट. इंग्रजीत बिटसाठी छोटा बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहितात. आपल्या लिपीत छोटे-मोठे अक्षर नसल्यामुळे ‘एमबी’ लिहिले की हा फरक पुसला जातो. मी बावीस वर्षे उच्च माध्यमिकच्या मुलांना संगणक शिकवला. फळ्यावर ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ पूर्ण लिहिल्याशिवाय पुढचे गणित करू देत नसे.

आठाने भागायला कॅल्क्युलेटर नको. तीनदा निम्मे करा : शंभर, पन्नास, पंचवीस, साडेबारा. पन्नासचे कनेक्शन म्हणजे सव्वासहा, तीसचे पावणेचार, दहाचे सव्वा. ज्यांना पावकी-निमकी पाठ करावी लागली, त्यांना हा हिशेब तोंडी येतो.

मग साडेबाराऐवजी अकरा का? फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रमांक असा मजकूर चढवलेला असतो. तारेवरून साधारण १,५३८ बाइट जातात, तेव्हा त्यातले १,४६० तुमच्या नाटकाचे असतात. पाच टक्के इथे गेले, उरले पावणेबाराच्या थोडे वर. शिवाय विंडोज जीबी मोजते ते १,०२४ च्या पटीने, तर नेटवर्कचा वेग नेहमी १,००० च्या पटीने मोजतात. तुमचे सहा जीबी विंडोजने दाखवलेले असतील तर ते खरे ६४४ कोटी बाइट. त्यांचे ५,१५४ कोटी बिट. सेकंदाला दहा कोटी बिटांच्या वेगाने ५१५ सेकंद, वर ती पाच टक्के धरली की नऊ मिनिटे. तुम्ही घड्याळ बरोबर लावले होते.

हे मी एवढे सविस्तर लिहिते आहे त्याला कारण आहे. पहिले ब्रॉडबँड घरी आले तेव्हा जोडणीला आलेल्या मुलाला मी दारातच सुनावले होते, ‘दोन सांगून पाव देता?’ दोन मेगाबिटचा पाव मेगाबाइट होतो, आणि त्याने तो चोख दिला होता. तो काही न बोलता पायऱ्या उतरून गेला. त्याची माफी मागायची राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

माजघरातले तीन मात्र वेगळे. तिथे वेग खरोखरच घटतो, आणि मला संशय तुमच्या भिंतींचा आहे. जुन्या घरांतल्या चिऱ्यांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. वायफाय त्यांतून जाताना बरेच क्षीण होते. बहुतेक राउटरवर दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे, असतात. पाच गिगाहर्ट्‌झचा वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो. २.४ चा हळू, पण भिंतीपलीकडे जास्त टिकतो. माजघरात मोबाइल २.४ वर जोडून बघा. राउटर ओसरीच्या कोपऱ्यात असेल तर माजघराच्या दारासमोर आणा. तेवढ्याने भागले नाही तर आतपर्यंत केबल ओढून दुसरा राउटर बसवावा लागेल. जुन्या घरात मला तोच उपाय खात्रीचा वाटतो.

पण हा तीन कुठे पाहिलात, ते पत्रात नाही. फाइल उतरताना दिसला असेल तर तो बहुधा मेगाबाइटचा, म्हणजे चोवीस मेगाबिट; नाटक बघायला पुष्कळ झाले. वेग मोजण्याच्या अ‍ॅपवर दिसला असेल तर तो मेगाबिटचाच असणार, आणि मग माजघरात खरोखरच फार थोडे पोहोचते. पुन्हा मोजा आणि आकड्यापुढे शब्द पूर्ण लिहून कळवा.